अंधाऱ्या खोलीतली चित्रं आणि आपण

 हातातलं काम थांबवू नका. भाजी निवडत असाल तर निवडत राहा, गोधडीला टाके घालत असाल तर घालत राहा. कान मात्र थोडा वेळ इकडे द्या.

मध्यंतरी आमच्या गटाच्या पाच जणी मुंबईला प्रदर्शनात गेलो होतो. प्रदर्शन म्हणजे आपलं नेहमीचंच. कारळ्याची चटणी, शेंगदाण्याची चटणी, ज्वारीचे पापड, सांडगे. शेवटच्या दिवशी दुपारीच माल संपला आणि परतीची गाडी होती रात्री. एका ओळखीच्या ताईंनी विचारलं, "जवळच एक प्रदर्शन लागलंय, बघायचं का?" आम्हाला वाटलं, चला, दुसऱ्या गटांनी काय काय आणलंय ते बघू, भावही कळतील.

गेलो तर तिथे विकायला काहीच नव्हतं! मोठी पांढरी इमारत, आत थंडगार. एका खोलीला काळा पडदा लावलेला. आत काळोख आणि भिंतीवर चित्र हलतंय. पाण्यात पाय सोडून एक बाई बसली आहे. बसली आहे म्हणजे नुसती बसलीच आहे. बोलत नाही, उठत नाही, कुणी तिला भेटायला येत नाही. आम्ही पाच मिनिटं वाट बघितली. मग एकीने मला कोपर मारलं, "अगं, पिक्चर कधी सुरू होणार?"

मैत्रिणींनो, पिक्चर सुरूच होता.

आमच्यातल्या थोरल्या आक्का मात्र भिंतीला टेकून खाली बसल्या आणि बराच वेळ बघत राहिल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे जात्यासारखं आहे. फिरतंय. कुठूनही धरावं, कुठेही सोडावं."

आणि एक वहिनी आतच आली नाही, ती दारापाशीच थांबली. तिचं कारण वेगळं होतं. ते मी शेवटी सांगते, तिला विचारूनच सांगते.

घरी आल्यावर गटाच्या बैठकीत प्रश्न निघाला, हे नेमकं असतं तरी काय? आणि त्याचं आपल्याला काय? म्हणून आजचं हे बोलणं.

ठिपक्यांची रांगोळी

आधी 'डिजिटल' हा शब्द सोडवू. आपण ठिपक्यांची रांगोळी काढतो. आधी ठिपके, मग रेषा, मग रंग. फोनच्या किंवा टीव्हीच्या पडद्यावरचं चित्रही ठिपक्यांचंच असतं. घरात साधारण चांगला टीव्ही असेल, तर एका ओळीत १,९२० ठिपके आणि अशा १,०८० ओळी. हिशोब केला तर वीस लाखांहून जास्त ठिपके होतात. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन उजेड असतात. कोणता किती लावायचा याचे आकडे यंत्राला दिलेले असतात. आकड्यांनी काढलेली रांगोळी, ते डिजिटल चित्र.

मग ते हलतं कसं? हलत नाही, आपल्याला तसं वाटतं. सिनेमात एका सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांसमोरून जातात. प्रत्येक चित्र स्थिरच असतं, मागच्यापेक्षा जरासं वेगळं. इतक्या भरभर जातात की डोळ्याला त्यांच्यामधल्या फटी दिसत नाहीत. एका मिनिटाला १,४४० चित्रं झाली बघा.

याचा प्रयोग आपल्याच मातीत शंभरेक वर्षांपूर्वी झालाय. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत एक वाटाणा लावला. कॅमेरा समोर ठेवून रोज त्या रोपाची थोडी थोडी चित्रं घेतली. सगळी एकापुढे एक चालवली, तर काही दिवसांची वाढ क्षणात दिसली. दाणा फुटला, कोंब वर आला, वेल झाला. सिनेमाला पैसे मिळावेत म्हणून त्यांनी ही छोटी फिल्म लोकांना दाखवली. त्यात नायक नव्हता, गाणं नव्हतं, भांडण नव्हतं. कॅमेरा काय करू शकतो हे करून बघितलेलं होतं. यालाच प्रायोगिक चित्रपट म्हणायचं, म्हणजे कथा सांगण्याआधी किंवा कथेला बाजूला ठेवून बघण्याची नवी रीत शोधणारी फिल्म.

पुढच्याच वर्षी, १९१३ मध्ये, फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. त्यात तारामतीचं काम एका पुरुषाने केलं, कारण पडद्यावर यायला बाई मिळेना. पण पडद्यामागे बाई होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. फिल्मच्या पट्टीला भोकं पाडणं, ती रसायनात धुणं, हे त्या शिकल्या. वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाक. दागिनेही त्यांचेच गेले. हे लक्षात ठेवा, कारण आजचा आपला खरा प्रश्न इथेच आहे. पडद्यावर कोण, पडद्यामागे कोण, आणि कॅमेरा कुणाच्या हातात?

पत्र्याच्या पेटीतली चित्रं

आता एका बाईची गोष्ट सांगते. नलिनी मलानी. जन्म १९४६ चा, कराचीचा. दुसऱ्याच वर्षी फाळणी झाली आणि घर सोडून कुटुंब इकडे आलं. पुढे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात त्या चित्रकला शिकल्या. १९६९ मध्ये, तेविसाव्या वर्षी, चित्रकार अकबर पदमसी यांनी मुंबईत सुरू केलेल्या एका कार्यशाळेत त्यांनी कॅमेरा हातात घेतला. तेव्हा चित्र काढणाऱ्या बायकाच कमी, तिथे फिल्म करणारी कुठली!

१९९८ च्या मे महिन्यात भारताने पोखरणला अणुचाचण्या केल्या. त्याच महिन्यात पाकिस्ताननेही केल्या. दोन्हीकडे पेढे वाटले गेले. ज्या घरांनी फाळणी भोगली होती, त्यांच्या पोटात मात्र गोळा आला. मलानी यांना आठवली सआदत हसन मंटो यांची कथा, 'टोबा टेक सिंग'. फाळणीनंतर दोन्ही सरकारं ठरवतात की वेड्यांच्या इस्पितळातल्या रोग्यांचीही अदलाबदल करायची. बिशन सिंग नावाचा एक म्हातारा विचारत राहतो, माझं गाव कुठे आहे? इकडे की तिकडे? कुणालाच धड सांगता येत नाही. अखेर दोन देशांच्या कुंपणांमध्ये, कुणाचीच नसलेल्या जमिनीवर तो कोसळतो.

या कथेवरून मलानी यांनी मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात, म्हणजे आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, एक मांडणी केली. भिंतीवर टांगलेल्या चित्राऐवजी अख्खी खोलीच चित्रासारखी रचली, तर तिला मांडणशिल्प म्हणतात. खोलीत बारा पत्र्याच्या पेट्या ठेवलेल्या. आपल्या घरी पलंगाखाली असते तीच ती ट्रंक. प्रत्येक पेटीत पांघरुणं, आणि पांघरुणांत बसवलेला छोटा टीव्ही. त्यावर घरदार सोडून निघालेल्या माणसांची चित्रं.

पेटीच का, हे तुम्हाला मला सांगावं लागणार नाही. आपण लग्न होऊन आलो तेव्हा पेटी घेऊन आलो. कुठल्या बाईने पेटीत काय ठेवलंय, हे घरात दुसऱ्या कुणाला ठाऊक नसतं. पूर आला, आग लागली, रातोरात निघावं लागलं, की बाई आधी पेटीकडे धावते. अख्खं घर मावेल एवढी ती नसते, पण घराची आठवण तेवढ्यात मावते.

आणि आता ऐका. एका भिंतीवर एक बाई, समोरच्या भिंतीवर दुसरी. एक भारतातली, एक पाकिस्तानातली. दोघी मिळून एक साडी घडी करू बघतात. मध्ये सगळी खोली, त्या पेट्या, आणि आणखी एका भिंतीवर अणुबॉम्बच्या स्फोटांची दृश्यं. आपल्याला माहीत आहे, लांब साडीची घडी एकटीला नीट घालता येत नाही. दुसरं टोक कुणीतरी धरावं लागतं. ताण सारखा ठेवावा लागतो. एकीने जोरात ओढलं तर दुसरीच्या हातून सुटतं.

ही फिल्म बघताना पुढे काय होतं हे विचारायचं नसतं. ती घडी होते की नाही, एवढंच बघत बसायचं. राजकारणावरचं लांबलचक भाषण जे करू शकत नाही, ते साडीच्या दोन टोकांनी केलं. मला वाटतं, हे सुचायला साडी नेसणारी आणि घडी करणारी बाईच लागते.

काहीच घडत नाही, असं वाटतं तेव्हा

तुम्ही म्हणाल, पेटी कळली, साडी कळली. पण ती पाण्यात पाय सोडून बसलेली बाई? जिथे काहीच घडत नाही, ते काय बघायचं?

त्यासाठी ओडिशाला जाऊ. अमर कंवर नावाचे दिल्लीचे फिल्मकार आहेत. ओडिशात खाणींसाठी, कारखान्यांसाठी गावांच्या जमिनी आणि जंगलं जाऊ लागली. लोक लढत होते. कंवर तिथे वर्षानुवर्षं जात राहिले. त्यातून त्यांनी 'द सॉव्हरिन फॉरेस्ट' ही मांडणी केली. सार्वभौम जंगल, म्हणजे ज्याचं राज्य त्याचंच आहे असं जंगल. २०१२ मध्ये ती जर्मनीतल्या कासेलच्या मोठ्या कलाप्रदर्शनात होती. केरळात कोचीला पहिलं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरवायचं कलेचं मोठं प्रदर्शन, सुरू झालं, तिथेही होती. आणि खुद्द भुवनेश्वरलाही लावली, म्हणजे ज्यांची ती गोष्ट होती त्यांना ती बघता आली.

त्यात बेचाळीस मिनिटांची एक फिल्म आहे. गवत वाऱ्याने डोलतंय. पाणी वाहतंय. झाड उभं आहे. संध्याकाळ होते. बस. पण बघणाऱ्याला सांगितलेलं असतं, की यातली जवळजवळ प्रत्येक जागा कारखान्यासाठी किंवा खाणीसाठी घ्यायचं ठरलेलं आहे. एवढं एक वाक्य कळलं, की तेच गवत वेगळं दिसायला लागतं. आजारी माणसाच्या उशाशी बसल्यावर आपण त्याचा श्वास बघतो ना, तसं आपण ते गवत बघायला लागतो.

शेजारी एका भिंतीवर भाताची बियाणी मांडलेली. अडीचशेहून जास्त वाण. प्रत्येक वाणाचा रंग, आकार, कूस वेगळं. आणि हाताने बनवलेल्या कागदाची मोठी पुस्तकं, ज्यांच्या पानांवर वरून फिल्मचा उजेड पडतो.  विचारायचं एवढंच होतं, की गुन्ह्याचा पुरावा म्हणजे फक्त कागदपत्रं का? जमिनीबरोबर जो दाणा नाहीसा होतो, तो पुरावा नाही का? भुवनेश्वरला तर लोकांनी आपापले पुरावे आणून त्यात भर घातली.

दाण्यांची ही भाषा आपल्याला नवी नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं आणि त्यासाठी त्यांना पद्मश्री मिळाली. मडक्यात, राखेत, शेणाने सारवलेल्या कणगीत बी ठेवणाऱ्या आपल्या आज्याही हेच करत होत्या. कुणी त्याला प्रदर्शन म्हटलं नाही, एवढंच.

चेहरा न दाखवता बोलणं

आता जरा जड विषय. लहान मुलं जवळ असतील तर त्यांना बाहेर खेळायला पाठवा.

२०१८ च्या सुरुवातीला जम्मू-काश्मीरमध्ये एका आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारून टाकलं. त्या दिवसांत कितीतरी फोनवर त्या लेकराचा फोटो फिरला. हळहळ म्हणून का होईना, पण फिरला. मैत्रिणींनो, अशा पीडित मुलीचं किंवा बाईचं नाव, फोटो, ओळख उघड करणं हा आपल्या कायद्याने गुन्हा आहे. हळहळ वाटली म्हणून पुढे पाठवलं, हे कारण चालत नाही.

मग गप्प बसायचं का? नलिनी मलानी गप्प बसल्या नाहीत. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. त्या वयात त्यांनी टॅब घेतला, म्हणजे फोनपेक्षा मोठा पडदा, आणि त्यावर नुसत्या बोटाने चित्रं काढायला सुरुवात केली. ब्रश नाही, कागद नाही. एक चित्र काढायचं, जरा बदलायचं, पुन्हा बदलायचं. वाटाण्याच्या कोंबासारखंच ते पुढे सरकतं. अशा छोट्या छोट्या चालत्या चित्रांतून 'कॅन यू हिअर मी?' ही मांडणी उभी राहिली. नावाचा अर्थ, 'माझा आवाज येतोय का?' २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत तिचं प्रदर्शन झालं. अठ्ठ्याऐंशी चालती चित्रं, एकाच खोलीत, भिंतींवर एकावर एक उमटणारी. धावणारी पोर, किंचाळणारं तोंड, खरडलेली अक्षरं, खोडलेल्या रेघा. त्या मुलीची आठवण त्यात आहे. तिचा फोटो कुठेही लावलेला नाही.

मला हे फार मोठं वाटलं. राग पोचला, दुःख पोचलं, आणि लेकराची अब्रू झाकलेली राहिली. २०२३ मध्ये मलानी यांना जपानचा क्योटो पुरस्कार मिळाला, तो कलेतल्या जगातल्या मोठ्या पुरस्कारांपैकी आहे. पण मला आठवतं ते बोट. जे बोट आपण रोज त्याच पडद्यावर फिरवतो आणि जास्त करून दुसऱ्यांचं पाठवलेलं पुढे ढकलतो.

निपाणीच्या बाया

तुम्ही म्हणाल, या शिकलेल्या, मोठ्या शहरातल्या बायका. आपलं कुठे काय? तर ऐका.

१९८० मध्ये दीपा धनराज, आभा भैया आणि त्यांच्या सोबत्यांनी 'युगांतर' नावाचा फिल्म करणारा गट काढला. त्यांची पहिली फिल्म १९८१ ची, नाव 'मोलकरीण'. पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायांनी संघटना बांधली, त्याची. पाठोपाठ आली निपाणीची, 'तंबाखू चाकीला ऊब आली'. निपाणी कर्नाटकात, पण तिथे घरोघरी मराठी. विडीच्या तंबाखूच्या वखारींत बाया दिवसभर राबायच्या. बारीक धूळ नाकातोंडात. दम लागायचा, खोकला लागायचा, मजुरी तुटपुंजी. त्या बायांनी संघटना केली आणि उभ्या राहिल्या.

या फिल्म दिसायला साध्या, पंचवीसेक मिनिटांच्या. पण त्यातला प्रयोग त्या कशा केल्या यात होता. कॅमेरा घेऊन आले, चित्र काढलं आणि गेले, असं नव्हतं. बायांबरोबर बसून, बोलून, काय दाखवायचं हे मिळून ठरवलं गेलं. आपला अनुभव बायांनी आपल्या तोंडाने सांगितला. आणि तयार फिल्म पुन्हा बायांनाच, वस्त्यांत, सभांमध्ये दाखवली गेली. बघणाऱ्या बाया मग आपलं सांगायला लागल्या.

पुढे कित्येक वर्षं या फिल्म पेटीत पडल्यासारख्याच होत्या. फिल्मची पट्टी जुनी झाली की खराब होते, रंग उडतात. अलीकडे बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने त्या नीट करून डिजिटल केल्या, आणि आज जगात ठिकठिकाणी त्या दाखवल्या जातात. चाळीस वर्षांपूर्वी वखारीत बोललेली बाई आज परदेशातल्या खोलीत बोलते, तेही मराठीत. खाली तिथल्या भाषेत अक्षरं येतात. आपल्या जात्यावरच्या ओव्यांचंही असंच झालं. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी गावोगावी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. आता त्यांतल्या अनेक ओव्या संगणकावर ऐकता येतात, आणि ओवीपाशी गाणारीचं नाव आणि गाव आहे.

दाराशी थांबलेली वहिनी

आता ती वहिनी, जी आत आली नाही.

तीन-चार वर्षांपूर्वी तिच्या घरावर मोठं संकट आलं होतं. कर्ज, नवऱ्याचं दुखणं, सगळं एकदम. तेव्हा बाहेरून काही मंडळी आली. मदत करू म्हणाली. तिला ओट्यावर बसवलं, समोर फोन धरला आणि विचारत गेली. ती बोलली, रडली. कुणाला सांगायचं नाही असंही काही बोलून गेली. मंडळी गेली, मदत काही आली नाही. आली ती फिल्म. बाजारात एका दुकानदाराने तिला तिचाच रडता चेहरा दाखवला. मागे दुःखी संगीत, वर भलतीच अक्षरं. त्यानंतर ती वर्षभर गटाच्या बैठकीला आली नाही. सासरी बोलणी खाल्ली ती वेगळीच.

म्हणून त्या काळ्या पडद्यापाशी ती थांबली. मला म्हणाली, "आत कुणाचं तरी दुःख लावलं असेल. मला नाही बघायचं."

तिचं चुकलं का? मुळीच नाही. मीही तेव्हा काही बोलले नाही. पण परत आल्यावर आम्ही या सगळ्या गोष्टी बोललो. पेट्यांची, गवताची, बोटाची, निपाणीची. साडीच्या घडीचं ऐकून ती गप्प झाली. मग म्हणाली, "माझ्या वेळी दुसरं टोक माझ्या हातात नव्हतंच."

यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. फिल्म काढणारा एक टोक धरतो, जिची फिल्म आहे ती दुसरं. दोघांच्या हातात सारखा ताण असेल तरच घडी नीट होते.

पुढे महिन्याभराने ती आपणहून आली. म्हणाली, "मला सांगायचंय. पण तोंड दिसायला नको." आमच्या गटातल्या एका मुलीने फोन धरला. दिसतात फक्त वहिनीचे हात. गोधडी शिवताहेत. जुन्या लुगड्यांचे तुकडे, नवऱ्याच्या सदऱ्याचा तुकडा, पोरीच्या शाळेच्या झग्याचा तुकडा. आणि आवाज तिचा. कर्जाचं सांगते, दवाखान्याचं सांगते, त्या दुकानदाराचंही सांगते. सात मिनिटं. मध्ये एकदा सुई थांबते आणि बराच वेळ थांबूनच राहते. मुलगी विचारत होती, "हे कापू का?" वहिनी म्हणाली, "राहू दे. मी थांबले होते, तेवढं दिसू दे."

आम्ही ती फिल्म एका संध्याकाळी मंदिरामागच्या भिंतीवर पांढरं लुगडं लावून बघितली. फक्त गटाच्या बाया. वहिनीने ठरवलं होतं की ही कुणाच्या फोनवर जाणार नाही, आणि ती गेलेली नाही. आक्का नेहमीप्रमाणे भिंतीला टेकून बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "पुन्हा लाव." तीनदा लावली.

त्या मुंबईच्या खोलीत जे होतं आणि मंदिरामागे जे झालं, त्यात फरक फार आहे. यंत्रांचा, पैशांचा, नावाचा. पण मला तरी दोन्ही एकाच जातीचं वाटतं. म्हणून पुढच्या वेळी मुंबईला जाल तेव्हा बिचकू नका. काळा घोड्याजवळची जहांगीर कलादालन तर विनाशुल्क आहे, तिथे कुणीही आत जाऊ शकतं. आत गेल्यावर काही कळलं नाही तर लाजू नका. थोडं बसा. तिथे उभ्या असलेल्या माणसाला विचारा, हे कशाबद्दल आहे? एखाद्या वेळी एका वाक्याने गवत वेगळं दिसायला लागतं. आणि तरीही आवडलं नाही, तर नाही आवडलं. सगळीच लोणची कुठे सगळ्यांना आवडतात!

गटात बोलण्यासाठी

जाता जाता पाच प्रश्न देते. कुणी तुमच्यासमोर कॅमेरा किंवा फोन धरला, किंवा तुम्हीच दुसऱ्या कुणासमोर धरला, तर आधी हे विचारा.

एक. हे कशासाठी काढताय, आणि कुणाला दाखवणार?

दोन. चेहरा दाखवायलाच हवा का? हात, आवाज, एखादी वस्तू दाखवून चालेल का?

तीन. तयार झाल्यावर आधी मला दाखवणार का? नको म्हटलं तर काढून टाकणार का?

चार. माझं नाव लावायचं की नाही, हे कोण ठरवणार?

पाच. आणि घरातला फोन कुणाच्या हातात असतो? तो दिवसातून अर्धा तास तरी आपल्या हातात येतो का?

पाचवा प्रश्न सोपा नाही, हे मला माहीत आहे. कितीतरी घरांत त्यावरून भांडण होईल. एकदम मागू नका, पण मागायचं सोडू नका. पहिली फिल्म कशाची काढाल ते गटात ठरवा. पलंगाखालच्या पेटीची काढा. आत काय आहे ते एकेक बाहेर काढत, त्याची गोष्ट सांगत. आणि कुणाला काही आतच ठेवायचं असेल, तर ते आतच राहू द्या.

काढलीत तर केंद्रावर येऊन आम्हाला सांगा. दाखवायची की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पुन्हा भेटू. नमस्कार.